डॉ. जॉर्ज ब्यूलर : जैन ज्ञानभांडारांचा जर्मन उपासक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी ज्यांनी संस्था उभी केली त्यांचे स्मरण करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु काही उपकारकर्ते असे असतात की ते आपल्या गावचे नसतात, आपल्या धर्माचे नसतात, आपल्या देशाचेही नसतात. म्हणून त्यांचे नाव देणगीदारांच्या फलकावर कधी येत नाही. अशाच एका पुरुषाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. जॉर्ज ब्यूलर. आपल्याकडील जुन्या लेखनात ते ‘बुल्हर’ असेही आढळते. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या अभिजात भाषांचे हे जर्मन पंडित सतरा वर्षे मुंबई इलाख्यात शिक्षक आणि शिक्षणाधिकारी होते. जैन धर्माची प्राचीनता व स्वतंत्रता जगातील विद्वानांपुढे पुराव्याने सिद्ध करणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

पाद्र्याचा मुलगा, भाषेचा साधक

ब्यूलर यांचा जन्म 19 जुलै 1837 रोजी जर्मनीतील हॅनोव्हर राज्यात, निएनबुर्गजवळच्या बोर्स्टेल या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. हॅनोव्हरच्या शाळेत ग्रीक व लॅटिनचा पाया घातला गेला आणि पुढे गॉटिंगेन विद्यापीठात थिओडोर बेन्फाय या थोर गुरूंच्या हाताखाली संस्कृताचे अध्ययन झाले. त्यासोबत अवेस्ता, फारसी, आर्मेनियन, अरबी याही भाषा त्यांनी अभ्यासल्या. 1858 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ग्रीक भाषेतील एका प्रत्ययावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. एका प्रत्ययावर अख्खा प्रबंध, हे ऐकून हसू येईल. पण एका शब्दाच्या शेपटावर वर्षभर नजर रोखून धरण्याची जी सवय तेव्हा लागली, तीच पुढे आपल्या आगमांच्या कामी आली.

त्यानंतर पॅरिस, लंडन, ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांत वैदिक हस्तलिखिते वाचण्यात चार वर्षे गेली. पोटासाठी खाजगी शिकवण्या केल्या. काही काळ विंडसर राजवाड्यातील ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम केले. ध्यास एकच होता, तो हिंदुस्थानात जाण्याचा. अखेर मॅक्स म्यूलर यांच्या मध्यस्थीने मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पौर्वात्य भाषांच्या प्राध्यापकपदाचे बोलावणे आले आणि 10 फेब्रुवारी 1863 रोजी हा पंचवीस वर्षांचा तरुण मुंबईत दाखल झाला.

मुंबईतील अध्यापक

त्या काळी एल्फिन्स्टन महाविद्यालय म्हणजे नव्या महाराष्ट्राची घडण होत असलेली जागा होती. पुढे न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तेथे ब्यूलर यांच्या काळातलेच विद्यार्थी. इकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मार्टिन हौग आणि त्यांच्यामागून 1866 मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडितच संस्कृत शिकवीत होते. मुंबई-पुण्याच्या या दोन विद्यापीठांतून जे शिस्तबद्ध संस्कृत अध्ययन सुरू झाले, त्यातूनच पुढची भारतीय संशोधकांची पिढी तयार झाली.

विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगी शुद्ध छापील पुस्तके नाहीत, ही पहिली अडचण ब्यूलर यांना जाणवली. म्हणून कीलहॉर्न यांच्यासह त्यांनी ‘बॉम्बे संस्कृत सिरीज’ ही ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला ग्रंथ 1868 मध्ये निघाला. तो कोणता? पंचतंत्राच्या चौथ्या व पाचव्या तंत्राचे ब्यूलर यांनी केलेले संपादन. ज्या पंचतंत्रापासून या मालेचा आरंभ झाला, त्याची एक प्रसिद्ध वाचना पूर्णभद्र या जैन मुनींनी इ. स. 1199 मध्ये सिद्ध केली होती. पंचतंत्र टिकवण्यात आणि पसरवण्यात जैन साधूंचा वाटा किती मोठा आहे, हे पुढे योहानेस हर्टेल या दुसऱ्या जर्मन विद्वानांनी दाखवून दिले.

‘शुद्ध संपादन’ म्हणजे काय, हे आपल्या भागातील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथून जवळच नेवासे आहे. तेथे ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांमागून नकला होत गेल्या व पाठ बिघडत गेले. तेव्हा सुमारे तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती जमवून, ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ब्यूलर यांनी केले ते याच जातीचे काम होते. एका ग्रंथाच्या जितक्या प्रती मिळतील तितक्या मिळवायच्या, अक्षर अक्षर ताडायचे, आणि जो पाठ पुराव्याला उतरेल तोच छापायचा. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्द व खतावणी यांचा मेळ बसल्याशिवाय ताळेबंदावर सही करायची नाही!

ज्ञानभांडारांच्या दारी

काही वर्षांनी ब्यूलर यांच्याकडे गुजरातच्या शाळाखात्याच्या निरीक्षकाचे काम आले. गावोगावच्या शाळा तपासायच्या, शिक्षकांची व्यवस्था लावायची, असे ते फिरतीचे काम होते. सामान्य अधिकाऱ्याने या फिरतीला कंटाळून बदली मागितली असती. ब्यूलर यांनी तिचे सोने केले. त्याच सुमारास, 1868 पासून, सरकारने हस्तलिखितांचा शोध व खरेदी यासाठी योजना सुरू केली होती आणि मुंबई इलाख्यात ते काम ब्यूलर व कीलहॉर्न यांच्याकडे होते. अहमदाबाद, पाटण, खंभात, सुरत ही सारी जैन वस्तीची व ज्ञानभांडारांची गावे. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात पोथ्या, असा त्यांचा क्रम झाला.

भांडाराचे दार उघडणे मात्र सोपे नव्हते. भांडार कोणा एकाचे नसते. ते संघाचे असते, आणि पंचांच्या संमतीवाचून कुलूप निघत नाही. ही सावधगिरी अनाठायी होती असे कोणी म्हणू नये. शतकानुशतकांच्या उलथापालथीत याच सावधगिरीने ग्रंथ वाचले होते. अपरिचित गोऱ्या अधिकाऱ्याला पाहून पंचांच्या मनात शंका येणे स्वाभाविकच होते. ब्यूलर यांच्याजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे ज्ञान. ते पंडितांशी संस्कृतात बोलत, पोथी हाती येताच तिची लिपी व काळ ओळखत, ग्रंथकर्त्याची गुरुपरंपरा सांगत. ग्रंथाची खरी पारख असलेल्या माणसाबद्दल ग्रंथ राखणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न होतोच.

1873-74 च्या हिवाळ्यात ब्यूलर राजपुतान्याच्या दौऱ्यावर निघाले. सोबत हेर्मान याकोबी हे तेवीस वर्षांचे जर्मन विद्वान होते. दोघे वाळवंट ओलांडून जेसलमेरला पोहोचले. तेथील किल्ल्यातल्या जिनमंदिरांच्या तळघरात ताडपत्रांचा अमोल संग्रह होता. त्यात त्यांना काश्मीरच्या बिल्हण कवीचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे काव्य सापडले. कल्याणीच्या चालुक्य राजाचे हे चरित्र, म्हणजे आपल्या दख्खनच्या इतिहासाचे एक साधन. लिहिणारा काश्मिरी ब्राह्मण, नायक दक्षिणेचा राजा, आणि पोथी जपली कोणी, तर मारवाडातील जैन संघाने! ब्यूलर व याकोबी यांनी तेथेच बसून तिची नक्कल उतरवून घेतली आणि 1875 मध्ये ती बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या पूर्वजांनी ‘हा ग्रंथ आपला, तो परक्याचा’ असा भेद ज्ञानाच्या बाबतीत केला नाही, याचा यापेक्षा बोलका दाखला कोणता?

हीच सफर याकोबींच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. त्यांनी 1879 मध्ये कल्पसूत्राची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. नंतर मॅक्स म्यूलर यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेत 1884 मध्ये आचारांग व कल्पसूत्र आणि 1895 मध्ये उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे इंग्रजी अनुवाद केले. जगाला जैन आगमांची ओळख झाली ती प्रामुख्याने याच दोन खंडांमुळे.

धर्म स्वतंत्र आहे, याचा पुरावा

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात समज असा होता की जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच एक शाखा आहे. क्रिस्तियन लासेन यांच्यासारखे मातब्बर पंडित तसे लिहीत. भगवान महावीर आणि गौतम बुद्ध यांच्या चरित्रांतील काही साम्ये पाहून महावीर ही वेगळी ऐतिहासिक व्यक्ती आहे की नाही, इथपर्यंत शंका घेतली जाई. आपल्याला हा समज हास्यास्पद वाटेल. तथापि श्रद्धा हा घरातला पुरावा झाला. परक्या न्यायाधीशापुढे कागद लागतात.

ते कागद ब्यूलर आणि याकोबी यांनी हजर केले, आणि तेही प्रतिपक्षाच्या दप्तरातून. बौद्धांच्या पाली ग्रंथांत ‘निगंठ नातपुत्त’ नावाच्या एका धर्मनायकाचा वारंवार उल्लेख येतो. तो बुद्धांचा समकालीन व प्रतिस्पर्धी होता आणि त्याचे देहावसान पावा येथे झाले, असे ते ग्रंथ सांगतात. हा निगंठ नातपुत्त म्हणजेच ज्ञातृपुत्र निर्ग्रंथ भगवान महावीर, हे या दोघांनी सिद्ध केले. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखातही निर्ग्रंथांचा स्वतंत्र उल्लेख आहे, याकडे ब्यूलर यांनी लक्ष वेधले. ज्यांना आपल्याबद्दल पक्षपात असण्याचे कारण नाही अशा विरोधकाची साक्ष सर्वांत भक्कम असते, हे न्यायाचे तत्त्व येथे लागू पडले.

तरीही एक शंका उरलीच. फ्रेंच विद्वान ओग्यूस्त बार्त यांच्यासारखे लोक म्हणत की जैनांचे ग्रंथ वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या वेळी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात लिहिले गेले. मग त्यांतील हजार वर्षांपूर्वीच्या गुरुपरंपरेवर विश्वास कसा ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर मथुरेच्या मातीतून निघाले. 1888 ते 1891 या काळात तेथील कंकाली टीला या टेकाडाचे उत्खनन झाले. जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट, तीर्थंकरमूर्ती आणि त्यांवरील अनेक लेख सापडले. त्यांचे ठसे व्हिएन्नाला ब्यूलर यांच्याकडे जात. ते लेख वाचून त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कुशाणकालीन, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील त्या दगडांवर कोट्टिय गण, उच्चनागरी शाखा, वइरी शाखा अशी नावे कोरलेली निघाली. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राच्या स्थविरावलीत नेमकी हीच नावे आहेत! ग्रंथात लिहिलेले आणि दगडावर कोरलेले जुळले. वलभीच्या आधीच्या काळातही ही परंपरा जशी सांगितली जाते तशीच नांदत होती, हे निर्विवाद ठरले.

त्या लेखांतील दाते कोण होते, हेही ऐकण्यासारखे आहे. सार्थवाह, लोहकार, सुगंधी द्रव्ये विकणारे गंधिक असे कष्टकरी व व्यापारी गृहस्थ त्यांत आहेत, आणि स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. अनेक मूर्ती साध्वींच्या उपदेशावरून श्राविकांनी स्थापिलेल्या आहेत. राजांची नावे काळ सांगण्यापुरती येतात. धर्म चालवला तो सामान्य माणसांनी.

येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. ते उत्खनन करणारे अधिकारी फ्यूरर हे पुढे नेपाळच्या तराईतील खोट्या शोधांमुळे उघडे पडले आणि 1898 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी रामनगर येथे सापडल्याचे म्हणून सांगितलेले काही लेख बनावट होते, हे हाइन्रिख ल्यूडर्स यांनी नंतर दाखवले. परंतु मथुरेचे दगड खरे होते आणि आहेत. त्यांचे ब्यूलर यांनी केलेले वाचन पुढील विद्वानांनी तपासले, काही ठिकाणी दुरुस्त केले, पण त्यातून निघणारा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. सत्याला तपासणीचे भय नसते.

हेमचंद्राचार्यांचे चरित्रकार

प्रकृती ढासळल्यामुळे 1880 मध्ये ब्यूलर यांनी भारत सोडला आणि 1881 पासून अखेरपर्यंत ते व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक होते. धर्मसूत्रांचे व मनुस्मृतीचे त्यांचे इंग्रजी अनुवाद, रेमंड वेस्ट यांच्यासह केलेला हिंदू कायद्याचा संग्रह, भारतीय लिपीशास्त्रावरील 1896 चा ग्रंथ हे सारे विद्वन्मान्य आहेच. आपल्या दृष्टीने आणखी तीन कामे विशेष मोलाची आहेत.

पहिले काम ‘पाइयलच्छी नाममाला’ या प्राकृत कोशाचे संपादन. धारानगरीच्या धनपाल कवीने विक्रम संवत 1029 मध्ये, म्हणजे इ. स. 972 च्या सुमारास, आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी हा कोश रचला. हजार वर्षांपूर्वी एक भाऊ बहिणीला भाषा शिकता यावी म्हणून कोश लिहितो, ही आपली परंपरा! दुसरे काम हेमचंद्राचार्यांच्या ‘देशीनाममाले’चे. रिखार्ड पिशेल यांच्यासह ती 1880 मध्ये बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये निघाली. आपण रोज बोलतो तो ‘पोट’ हा शब्द तेथे ‘पोट्ट’ या रूपात भेटतो. मराठीची अनेक मुळे शोधताना अभ्यासकांना आजही तिकडेच वळावे लागते.

तिसरे काम म्हणजे 1889 मध्ये प्रसिद्ध झालेले हेमचंद्राचार्यांचे चरित्र. प्रभावकचरित, मेरुतुंगाचा प्रबंधचिंतामणी, राजशेखराचा प्रबंधकोश आणि जिनमंडनाचा कुमारपालप्रबंध ही साधने ब्यूलर यांनी समोर ठेवली. कोणते आधीचे, कोणते नंतरचे हे ठरवले. आणि चमत्कारांच्या कथांखालचा इतिहास अलगद वेगळा काढला. धंधुक्याच्या एका मोढ वाणी कुटुंबातील मुलगा सिद्धराज जयसिंहाच्या सभेतील व्याकरणकार आणि कुमारपालाचा मार्गदर्शक कसा झाला, ही कथा त्यामुळे युरोपाने वाचली. मूळ ग्रंथ जर्मन. पुढे मणिलाल पटेल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत आले.

व्हिएन्नातील त्यांच्या शिष्यांत विंटरनिट्झ आणि ऑरेल स्टाइन यांच्यासारखी नावे आहेत. भारतीय सहकाऱ्यांशीही त्यांचे वागणे बरोबरीचे असे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी गुजरातीत लिहिलेले नेपाळच्या शिलालेखांवरील संशोधन ब्यूलर यांनी स्वतः इंग्रजीत आणले आणि पंडितजींच्या नावानेच जगापुढे ठेवले. साहेब व नेटिव्ह यांच्यात भिंत असलेल्या काळातली ही गोष्ट आहे.

8 एप्रिल 1898 रोजी, ईस्टरच्या सुटीत कुटुंबाकडे झुरिकला जात असताना, वाटेत कॉन्स्टन्स सरोवरात एकटेच नौका वल्हवीत असता ते बुडाले. वय साठ. विविध देशांच्या विद्वानांकडून भारतविद्येचा महाकोश लिहून घेण्याचे त्यांनी आरंभलेले काम अर्धवट राहिले. ते जुने स्नेही कीलहॉर्न यांनी पुढे चालवले.

आपल्यापुढील प्रश्न

ब्यूलर यांच्या कार्याचा विचार करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. त्यांच्यामार्फत सुमारे पाचशे जैन हस्तलिखिते बर्लिनच्या राजग्रंथालयासाठी खरेदी झाली. आपले धन परदेशी गेले, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. पण त्याच पोथ्या वाचून आल्ब्रेख्त वेबर यांनी जैन आगमांचा पहिला विस्तृत परिचय युरोपला करून दिला, हेही खरे आहे. आणि सरकारी योजनेतून जमवलेला फार मोठा संग्रह येथेच राहिला. तो आधी डेक्कन कॉलेजात होता. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तेथे गेला. सोनईहून पुणे काही तासांच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी किती कुटुंबांनी तो संग्रह पाहिला आहे?

आपले लोक स्वस्थ बसले असेही नाही. मुनी पुण्यविजयजींनी जेसलमेरच्या भांडाराची सुव्यवस्था लावली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी प्राकृत ग्रंथांच्या संपादनाचा आदर्श घालून दिला. आपल्याच जिल्ह्यात आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाने घराघरांत आगमांचे शिक्षण नेले. लोंकाशाहांबद्दल परंपरा सांगते की आगमांच्या नकला करता करताच त्यांना मूळ धर्माचे दर्शन झाले. म्हणजे पोथी उतरवणे हे आपल्याकडे साधनेचेच अंग होते.

आज परिस्थिती काय आहे? 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीसोबत प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले होते; 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीचा व जतनाचा संकल्प जाहीर झाला. सरकार दाराशी आले आहे. पण घरातल्या माळ्यावरचा, लाल फडक्यात बांधलेला बस्ता सोडून पाहण्याचे काम सरकार करू शकत नाही. वाचता येत नाही म्हणून जीर्ण पोथी नदीत विसर्जित केली जाते, किंवा घर पाडताना ढिगाऱ्यात जाते. तिच्या शेवटच्या पानावरील पुष्पिकेत कोणत्या श्रावकाने, कोणाच्या श्रेयासाठी, कोणत्या संवतात ती लिहवून घेतली, हे नोंदलेले असते. ती पुष्पिका म्हणजे एखाद्या कुटुंबाचा व गावाचा इतिहासच असतो, आणि तो एकदा गेला की पुन्हा मिळत नाही.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो आणि पाठोपाठ ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा करतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ट्रस्टने ज्ञानपंचमीला एक काम जोडावे. पंचक्रोशीतील प्रत्येक जैन घरातील, स्थानकातील व मंदिरातील हस्तलिखितांची यादी करावी. पोथीची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहील. नोंद मात्र ट्रस्टच्या दप्तरात होईल आणि तज्ज्ञांकडून छायाचित्रे घेतली जातील. यासाठी मोठा निधी लागत नाही. विश्वास लागतो आणि चिकाटी लागते. त्याचबरोबर दरवर्षी निदान दोन विद्यार्थी प्राकृत-अर्धमागधीच्या अभ्यासासाठी निवडून त्यांचा खर्च ट्रस्टने उचलावा. इंजिनिअर, डॉक्टर, सी.ए. होणाऱ्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो, तो करावाच. त्या व्यासपीठावर एखादी खुर्ची आगम वाचता येणाऱ्यासाठीही असावी.

बोर्स्टेलच्या पाद्र्याच्या मुलाला आपल्या पोथ्यांतून धनाचा लाभ व्हायचा नव्हता, पुण्याची तर अपेक्षाच नव्हती. तरीही त्याने समुद्र ओलांडला, वाळवंट तुडवले, पंचांच्या दारी वाट पाहिली आणि जे वाचले ते प्रामाणिकपणे जगाला सांगितले. त्याने वाचले, कारण आपल्या पूर्वजांनी राखले होते. राखणारे आणि वाचणारे असे दोन्ही हात आता आपल्याच घरात तयार झाले पाहिजेत.

जय जिनेंद्र!